चहापुरतं दूध

आमच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि घरात दूध नसायचं. पुढे कॉलेजसाठी मी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहिले, तेव्हा एकदा बोलता बोलता घरमालकीणबाईंना हे सांगून बसले. त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अस्सं? समुद्रालाही पाणी पुरत नसेल मग." त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे, आणि समजावून सांगायला गेले असते तर अण्णांबद्दल बोलावं लागलं असतं. अण्णांबद्दल बोलायचं मी तेव्हा टाळत असे. वडिलांचं नाव विचारलं की लोक लगेच म्हणायचे, "म्हणजे ते दूधवाले अण्णा? अहो, काय माणूस!" आणि मग ती फळ्याची गोष्ट निघायची. ती गोष्ट सुरू झाली की माझे कान तापायचे. अजूनही तापतात.

आमचं गाव तेव्हा पुण्याच्या बाहेर होतं, खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या कडेला. आता पुणंच गावात शिरलं आहे. जिथे आमचा गोठा होता तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे आणि वर उंच इमारत. मी कधी तिकडून गेले तर रिक्षातून मान बाहेर काढून बघते, पण ओळखीचं काही सापडत नाही. कानात मात्र ते घर जसंच्या तसं आहे. रिकाम्या चरवीत पडणारी पहिली धार खणखणीत वाजायची, मग चरवी भरत जाईल तसा आवाज जाड व्हायचा आणि फेस वर आला की बुजून जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या त्या आवाजावरून मला कळायचं की आता उठलं पाहिजे, कारण किटली डेअरीत पोचवायचं काम माझं होतं. धारा काढायची थोरल्याआई. ती म्हशींशी बोलत बोलत दूध काढी. आमच्याशी बोलताना तिच्या तोंडून इतके शब्द कधी निघत नसत.

थोरल्याआई म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. ते काका मी जन्मायच्या आधीच गेले होते. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा स्वतःच पोरसवदा होती आणि अण्णा शेंबडे होते. आमची आजी लवकर गेल्यामुळे अण्णांची वेणीफणी सोडली तर बाकी सगळं तिनंच केलं, असं ती हसून सांगायची. तरी ती त्यांना शेवटपर्यंत "भाऊजी" म्हणाली आणि ते तिला "वहिनी". तिला एक मुलगा, तो विश्रांतवाडीकडे कारखान्यात नोकरीला लागून तिकडेच राहायला गेला होता, आणि एक मुलगी, कमलताई. माझी आई तिला "आक्का" म्हणायची. चूल आईकडे, गोठा थोरल्याआईकडे, अशी त्यांची वाटणी होती आणि त्यात मी कधी भांडण पाहिलं नाही.

अण्णा आधी साधे शेतकरी होते. कालव्याच्या पाण्यावर कांदा, ज्वारी, थोडा ऊस. पहाटे सायकलला किटल्या अडकवून ते शहरात एका व्यापाऱ्याला दूध घालायला जायचे. तो व्यापारी फेसासकट मापायचा नाही, फेस बसेपर्यंत यांना उभं करून ठेवायचा, आणि नासलं म्हणून वाटेल तेव्हा दूध परत पाठवायचा. एकदा असं परत आलेलं दूध अण्णांनी त्याच्याच दारात उभं राहून पिऊन दाखवलं होतं. त्यानंतर त्यांनी गावात घराघरांत जाऊन डेअरीचं बोलायला सुरुवात केली. लोक हसले. मग आमच्याच ओसरीवर पहिलं दूध जमा झालं, आणि थोरल्याआईनं ओतलं म्हणून शेजारच्या बायकांनी ओतलं. हे सगळं खरं आहे आणि मी ते कमी करून सांगणार नाही. त्या डेअरीमुळे आमच्या गावातल्या पोरी शाळेत गेल्या, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, बाईच्या हातात तिच्या कष्टाचं काहीतरी पडायला लागलं. मी स्वतः शिकले ती त्याच दुधावर.

पण अण्णांचा एक नियम होता. "चहापुरतं ठेवा, बाकी सगळं डेअरीला." चेअरमनच्याच घरची किटली अर्धी आली तर लोक भरून कशाला आणतील, असं त्यांचं म्हणणं. चहा मात्र आमच्याकडे दिवसभर चालू असायचा, कारण अण्णांना भेटायला माणसं येतच राहायची. ओसरीवर चपलांचा ढीग, आत आईच्या चुलीवर सतत आधण. चहापुरतं म्हणून जे ठेवलेलं असे ते पाहुण्यांच्या कपात जाई. आम्ही भाकरी पिठल्याशी, नाहीतर ठेच्याशी खायचो. माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला, दूधभाताचा फार सोस होता. तो कधी हट्टाला पेटला तर थोरल्याआई चरवी विसळून ते पांढरट पाणी त्याच्या भातावर ओतायची आणि म्हणायची, "घे, राजा झालास."

डेअरीत पाणी घातलेलं दूध येऊ नये म्हणून अण्णांनी दुसरा एक नियम केला होता. दारात एक काळा फळा टांगला होता. रोज कुणाचीही एखादी किटली धरायची, आणि नळकांड्यात दूध घेऊन त्यात काचेचा मीटर सोडायचा. दूध चांगलं असेल तर मीटर वर तरंगतो, पाणी असेल तर खाली जातो. मीटर खाली गेला की त्या सभासदाचं नाव महिनाभर फळ्यावर, महिनाभर त्या घरचं दूध डेअरीत घेणं बंद, आणि ज्याचं नाव फळ्यावर लागलं त्याला त्या वर्षी पंच कमिटीवर बसता यायचं नाही. कमिटीवर नसेल तो चेअरमन कसा राहणार, हे वेगळं सांगायला नको. एकदा तात्यांच्या घरचं दूध पकडलं गेलं. तात्या गावातले वजनदार गृहस्थ, अण्णांच्या विरुद्ध पार्टीचे. ते डेअरीत येऊन हात जोडून म्हणाले, "चेअरमन, सुनंनं घातलं. मला ठाव न्हाई. तिचं नाव लावा, माझं नगं." अण्णा म्हणाले, "तात्या, सभासद तुम्ही हायसा. घरात कुणीबी घातलं तरी नाव सभासदाचं." आणि खडूनं तात्यांचं नाव लिहिलं. मी तिथेच किटली घेऊन उभी होते. मला तेव्हा अण्णांचा केवढा अभिमान वाटला होता! तात्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरत होत्या, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात कमलताई बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली, अगदी एवढीशी, मुठीएवढ्या तोंडाची. कमलताईला दूध येईना. आधीच ती अशक्त, त्यात सासरी खाण्यापिण्याची आबाळ झालेली. आतल्या खोलीत शेगडी, ओवा-शेपाचा धूर, आणि त्या धुरातून येणारं बाळाचं रडणं. ते रडणं नव्हतंच खरं तर, मांजराच्या पिल्लानं लांबून ओरडावं तसा आवाज. अण्णा बाहेरून विचारायचे, "बरी हाय ना कमल?" आतून थोरल्याआई म्हणायची, "बरी हाय." आणि अण्णा सायकल काढून जायचे. त्यांना दुधाचं कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. माझ्या लक्षात एवढंच आलं होतं की थोरल्याआई हल्ली धारा काढताना म्हशींशी बोलत नाही.

त्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन डेअरीत गेले तर तिथे गर्दी होती. दुसऱ्या तालुक्यातली पाच-सहा माणसं आली होती. त्यांनाही आपल्या गावात डेअरी काढायची होती. अण्णा त्यांना सगळं दाखवत होते, धोतर झटकत, मोठ्या आवाजात. सेक्रेटरी टेबलाशी बसले होते. रांगेत बायका, पोरं, आणि बाजूला विडी ओढत तात्या. त्यांचं नाव फळ्यावरून नुकतंच पुसलं गेलं होतं, पण खडूची पांढुरकी खूण राहिली होती.

"दूध कसं तपासायचं ते बघा," अण्णा म्हणाले आणि रांगेकडे वळले. त्यांची नजर माझ्यावर पडली. चेहरा खुलला. "ही आमचीच पोरगी. आण गं मंदा किटली. पाव्हणं, हे माझ्या घरचं दूध. चेअरमन म्हणून सवलत न्हाई. इथं राजाबी रांगेत आन् रंकबी रांगेत."

पाहुणे माना डोलावत जवळ आले. अण्णांनी नळकांडं भरलं, मीटर अलगद सोडला आणि हात मागे घेतला. मीटर खाली गेला. पार दांडीच्या टोकापर्यंत बुडाला.

सेक्रेटरी उठून आले, मीटर काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "काच खराब झाली असंल अण्णा. कालपास्नं तरास देतोय." त्यांनी दुसऱ्या बाईच्या किटलीत तो सोडून पाहिला. तिथे तो वर तरंगला. मग परत आमच्या दुधात, आणि परत खाली. रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मंदा," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "वाटंत काय सांडलं का? पाणी घातलंस का तू?"

"न्हाई अण्णा."

"मग कुणी घातलं?"

"मला न्हाई माहीत." मला खरंच माहीत नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आपण खरं बोलतो आहोत हे दाखवायला तोंड कसं करावं ते मला कळेना. किटलीची कडी हातात धरून मी रडायला लागले.

कुणीतरी पोर घरी पळालं असावं. थोडा वेळ गेला आणि थोरल्याआई आली. हात शेणानं भरलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. इतक्या पुरुषांत ती कधी येत नसे. ती दारात थांबली, माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"पोरीला नगा इचारू," ती म्हणाली. "पाणी म्या घातलंय."

"का वहिनी?"

तिनं तोंड उघडलं. मग तिची नजर त्या परगावच्या पाहुण्यांवर गेली. कोऱ्या टोप्या घातलेले ते लोक चेअरमनच्या घरचा कारभार बघायला इतक्या लांबून आले होते. तिनं तोंड मिटलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली.

त्या क्षणाचा विचार मी जन्मभर करत आले आहे. अण्णा फळ्याकडे गेले. खडू घेतला. आता ते स्वतःचं नाव लिहिणार असं मला वाटलं. तिथल्या निदान निम्म्या माणसांना तसंच वाटलं असणार, कारण सभासद अण्णाच होते आणि नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. खडू फळ्याला टेकवून ते थोडे थांबले. मग त्यांनी लिहिलं: सोनाबाई. थोरल्याआईचं नाव. ठळक, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव, काकांच्या नावासकट.

"महिनाभर आमच्या घरचं दूध बंद," ते वळून म्हणाले. "भावजय आसंल न्हाईतर आई आसंल. नियम म्हंजे नियम."

पाहुण्यांपैकी एक म्हातारा पुढे आला आणि त्यानं अण्णांच्या पायांना हात लावला. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी विडी तोंडातून काढली होती. ते फळ्यावरचं नाव वाचत होते, ओठ हलवत. आता ते बोलणार, असं मला वाटलं. पण दारात उभ्या असलेल्या थोरल्याआईकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी मान खाली घातली, आपली रिकामी किटली उचलली आणि ते निघून गेले. एका बाईसमोर आणखी काही नको, एवढं त्यांना कळलं. अण्णांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी लिहिलं. दोन्हींतलं कुठलं वाईट ते मला अजून ठरवता येत नाही.

थोरल्याआईला वाचता येत नव्हतं. घरी येताना तिनं किटली माझ्या हातातून घेऊन कमरेवर घेतली आणि विचारलं, "काय लिवलं गं भाऊजींनी?" मी सांगितलं. ती चालत राहिली. गल्लीतल्या दारादारांत बायका उभ्या होत्या. "तुझ्या काकांचं बी नाव लिवलं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "त्येंचं कशाला लिवायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्या घरात सगळे पोटभर दूध प्यायले. आईनं खीर केली, सुरेशला दूधभात मिळाला. तो बोटं चाटत म्हणाला, "उद्या पण परत येईल का?" संध्याकाळी अण्णा जेवायला बसले. आईनं भाकरी वाढली, कालवण वाढलं आणि समोर उभी राहिली. आई अण्णांशी फारसं बोलत नसे, म्हणून मला ते शब्द नीट आठवतात.

"कमलला दूध येत न्हाई," ती म्हणाली. "पोर उपाशी मरत होती. माय-लेकीपायी तांब्याभर दूध मीच काढून ठेवायची दोन्ही येळंला. आक्कांनी पाणी घातलं ते तुमची किटली उणी दिसू नये म्हणून."

अण्णांचा घास हातात राहिला. "मला का न्हाई सांगितलं?"

"कवा सांगायचं? घरात असता कवा?" आईनं कालवणाचं भांडं खाली ठेवलं. "आन् फळ्यावर नाव सभासदाचं लागतं ना? का ते तात्यांपुरतंच?"

अण्णांनी ताटातच हात धुतला आणि उठून गेले. त्यांनी काही उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नंतर मीच त्यांच्या वतीनं पुष्कळ उत्तरं शोधली. स्वतःचं नाव लिहिलं असतं तर खुर्ची गेली असती, डेअरी तात्यांच्या पार्टीकडे गेली असती, त्या परगावच्या माणसांची हिंमत खचली असती. ही सगळी उत्तरं पटण्यासारखी आहेत. फक्त ती अण्णांनी कधी दिली नाहीत, आणि फळ्यावरचं नावही पुसलं नाही. महिनाभर रोज शाळेत जाताना मी त्या दारावरून मान खाली घालून गेले. पोरं मला "पाणीदार" म्हणायची. गुरुजींनीही एकदा पाठ विचारताना म्हटलं, "मंदाच्या उत्तरात फार पाणी आहे," आणि वर्ग हसला. मला राग यायचा तो थोरल्याआईचा नव्हे. पण अण्णांचा राग यावा इतकी मी मोठी नव्हते. त्यामुळे तो राग कुठेच न जाता नुसती लाज वाटत राहायची. जेवताना, वेणी घालताना, उगीचच.

महिना संपला आणि थोरल्याआई कमलताईला आणि बाळाला घेऊन मुलाकडे विश्रांतवाडीला निघून गेली. भांडण नाही, रडारड नाही. आईनं डिंकाचे लाडू बांधून दिले. थोरल्याआई गोठ्यात जाऊन प्रत्येक म्हशीच्या कपाळावरून हात फिरवून आली. अण्णा ओसरीवर बसले होते. ती पुढे जाऊन म्हणाली, "येते भाऊजी. जेवत जावा येळंवर." अण्णा म्हणाले, "राहिला असता तर बरं झालं असतं." पण ते उठले नाहीत. त्यानंतर ती सणावारालाही आमच्याकडे राहायला आली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नातवंडं सोडत न्हाईत."

अण्णा पुढे तालुक्याचे झाले, मग जिल्ह्याच्या दूध संघावर गेले. त्यांचं मराठीही बदललं, व्यासपीठावरचं निराळं आणि घरातलं निराळं. ते गेले तिथे ती फळ्याची गोष्ट त्यांच्या आधी पोचायची. सुरुवातीला त्यांनी ती कधी थांबवली नाही, नंतर ती थांबवणं त्यांच्याही हातात राहिलं नसावं. गोष्टीतून कमलताई गेली, बाळ गेलं, मी गेले. उरली ती फक्त दुधात पाणी घालणारी भावजय आणि तिला माफ न करणारा दीर.

सदाशिव पेठेत असताना मी कधी कधी रविवारी बसनं विश्रांतवाडीला जायची. थोरल्याआई तिथल्या दोन खोल्यांत सगळ्यांची उस्तवार करत असे. सासर सुटल्यामुळे कमलताईही तिथेच होती, शिवणकाम करायची. ते बाळ, उषा, आता अंगणात दोरीवरच्या उड्या मारत असे. मला पाहिलं की थोरल्याआई पिशवीचं दूध पातेल्यात ओतून चहा ठेवायची. पिशवीवर अण्णांच्या संघाचं चित्र. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वर बघवेना. ती म्हणाली, "चांगलं असतं हां दूध तुझ्या बापाचं. पाणी नसतं अजिबात." आणि स्वतःच खुदकन हसली. मला हसता आलं नाही. मी खोलीवर येऊन तोंडावर उशी घेऊन पडले. तिनं टोमणा मारला असं मी धरून चालले होते. आज मला तसं वाटत नाही.

अण्णांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा पेठेतल्याच एका सभागृहात त्यांचा सत्कार ठेवला होता. मी तोवर शाळेतून निवृत्त व्हायच्या बेतात होते. आई नव्हती. मी आयोजकांना न विचारताच थोरल्याआईला बोलावणं धाडलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. पण ती आली, नव्वदीची, पाठीत वाकलेली, नवं लुगडं नेसून. उषा तिला गाडीतून घेऊन आली, दारात सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधत गेली. मी तिला हाताला धरून दुसऱ्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसले. ती कोण आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तिला आता जवळजवळ ऐकू येत नव्हतं. कानाशी मोठ्यानं बोलावं लागे.

व्यासपीठावर अण्णा मध्यभागी बसले होते, गळ्यात हारांचा ढीग. तिला पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. भाषणं सुरू झाली. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मला दोन मिनिटांत कळलं की ते कुठे चालले आहेत. उठावं आणि थोरल्याआईला बाहेर न्यावं असं वाटलं, पण ती इतकी आनंदानं सगळीकडे बघत होती. पाहुण्यांनी आवाज चढवला. "सख्खी भावजय! आईच्या जागी असलेली बाई! पण दुधात पाणी घातलं म्हटल्यावर या माणसानं स्वतःच्या हातानं तिचं नाव फळ्यावर लिहिलं! आज आहे असा कुणी?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि माझ्या शेजारी थोरल्याआई टाळ्या वाजवत होती. सगळे वाजवत होते म्हणून तीही, हात उंच करून, हसत हसत. मी अण्णांकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत होते. हारांच्या वर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी मान खाली घातली, ती टाळ्या थांबेपर्यंत वर केली नाही.

"काय म्हनला गं तो?" थोरल्याआईनं विचारलं.

अण्णांचं कौतुक केलं, असं सांगून मोकळी होता आलं असतं मला. पण तिचे हात अजून टाळीसाठी वर होते आणि मला ते बघवलं नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. फळ्याचं, नावाचं, पाण्याचं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून आमच्याकडे पाहिलं. तिनं हात खाली घेतले, मांडीवर ठेवले. ती दुखावेल, उठून जाईल, निदान डोळे तरी पुसेल असं मला वाटलं.

ती म्हणाली, "आन् मग म्हैनाभर दूध घरातच राह्यलं, आन् पोर जगली, ते सांगितलं का त्येनं?"

"नाही, थोरल्याआई."

"ते न्हाई सांगितलं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मग काय सांगितलं!"

मागच्या दारातून उषा आत आली. उंच, दणकट, एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते ती. अंधारात डोळे बारीक करून आम्हाला शोधत होती. थोरल्याआईनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भर सभेत, व्यासपीठावर अण्णा बोलायला उभे राहत असताना, मोठ्यानं हाक मारली, "उषे, हिकडं ये. हितं जागा हाय."

अण्णा माइकपाशी थांबले. ती येऊन बसेपर्यंत ते बोलले नाहीत.